कल्चरल बॅकग्राउंड्स स्टडी बायबल: कोड्यातल्या वचनांवर घासून पाहताना

रूथच्या चौथ्या अध्यायात बवाज वेशीत बसून शेताचा व्यवहार करतो आहे. ऐन मोक्याच्या क्षणी लेखक गोष्ट थांबवतो आणि सांगतो की पूर्वी इस्राएलात देवघेव पक्की करायची तर माणूस पायातली वहाण काढून दुसऱ्याच्या हाती देत असे. म्हणजे गोष्ट लिहिली गेली तेव्हाच हा रिवाज लोकांच्या आठवणीतून गेला होता. मार्क सातव्या अध्यायात असाच थांबतो. परूशी जेवणाआधी हात का धुतात, 'कुर्बान' म्हणजे काय, हे तो ओघातच समजावतो. १ शमुवेल ९:९ मध्येही आजच्या संदेष्ट्याला पूर्वी द्रष्टा म्हणत, अशी पुस्ती जोडलेली आहे. तेव्हा 'शास्त्राला टिपा कशाला, आत्मा समजावतो' असं कुणी म्हणालं, तर शास्त्राचे लेखकच टिपा देत होते हे त्याला दाखवावं.

आज अशा टिपांचा एक जाडजूड एकखंडी साठा म्हणजे झाँडरव्हन या प्रकाशनसंस्थेने २०१६ साली काढलेलं 'कल्चरल बॅकग्राउंड्स स्टडी बायबल'. सुरुवातीला ते एनआयव्ही या इंग्रजी भाषांतरासोबत आलं, पुढे एनकेजेव्ही आणि एनआरएसव्हीसोबतही निघालं. जुन्या कराराची बाजू जॉन वॉल्टन यांनी सांभाळली आहे, नव्या कराराची क्रेग कीनर यांनी. दोघेही याच विषयात मुरलेले आहेत. कीनर यांचं नव्या कराराच्या पार्श्वभूमीवरचं भाष्य १९९३चं, त्याची सुधारित आवृत्ती २०१४ची. वॉल्टन यांनी दोन सहलेखकांसोबत केलेलं जुन्या कराराचं भाष्य २००० सालचं. स्टडी बायबलमध्ये पानावर वचनं, खाली टिपा, मधूनमधून चौकटीतले लेख आणि रंगीत चित्रं अशी मांडणी आहे. 'हे आपल्या जीवनाला कसं लागू पडतं' असला मजकूर जवळजवळ नाही. काहींना हा कोरडेपणा वाटेल, पण अशा पुस्तकात तो गुणच आहे. उपदेश करायला पाळक आहेत. इथे हवी आहे ती भांड्यांची, नाण्यांची, शेताची आणि कोर्टकचेरीची माहिती.

परीक्षण करताना कसोटी एकच ठेवली. टीप किती माहिती देते याला फार किंमत नाही. ज्या पुराव्यावर ती उभी आहे तो वचनापासून किती वर्षं आणि किती कोस दूर आहे, हे ती वाचकाला सांगते का, ते महत्त्वाचं. या कसोटीवर पुस्तक कुठे पुरं उतरतं आणि कुठे वाचकालाच कष्ट करायला लावतं, ते पुढच्या वचनांवरून दिसेल.

सगळ्यात भरवशाचा भाग मापांचा आणि नाण्यांचा. मत्तय १८:२४ मधल्या दासाचं देणं मुळात १०,००० तालांत आहे. एनआयव्हीने त्याच्या 'सोन्याच्या थैल्या' केल्या आणि दृष्टान्ताची धारच गेली. एक तालांत म्हणजे ६,००० दीनार, आणि दीनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. म्हणजे देणं सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं. त्याच दासाला त्याच्या सोबत्याकडून येणं किती, तर १०० दीनार. दोहोंचं प्रमाण सहा लाखास एक. योसेफस हा पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार सांगतो की हेरोद अंतिपा या तिथल्या शासकाला गालील आणि पेरिया मिळून वर्षाला २०० तालांत मिळत. म्हणजे एका दासाच्या डोक्यावर अख्ख्या प्रांताचा पन्नास वर्षांचा महसूल! 'मला वागवून घ्या, सगळं फेडीन' हे त्याचं वाक्य ऐकून पहिले श्रोते हसले असणार. हा पुरावा काळाने जवळचा आहे, प्रदेशाने तर त्याच मुलखाचा आहे, म्हणून अशी टीप डोळे मिटून घ्यावी.

खमिराच्या दृष्टान्तात (मत्तय १३:३३) उलट एनआयव्ही कामाला येते. 'तीन मापे पीठ' वाचून आपल्या डोळ्यांपुढे परातीतला गोळा येतो. एनआयव्ही तिथे सरळ 'सुमारे साठ पौंड' लिहिते. मूळ शब्द 'साता', हिब्रूत 'सआ'. योसेफसच्या हिशेबाने एक साता म्हणजे दीड रोमी मोदियस, साधारण १३ लिटर. तीन साते म्हणजे ३९ लिटर. पीठ किती दाबून भरलं त्यावर वजन २० ते २७ किलोंच्या मध्ये कुठेतरी. एवढी कणीक एकटी बाई मळते आहे, म्हणजे हे घरचं रोजचं जेवण नव्हे, गावजेवण आहे. उत्पत्ती १८:६ मध्ये सारा तीन पाहुण्यांसाठी अगदी हीच तीन मापं मळते. ते वचन शेजारी ठेवलं की दृष्टान्तातली बाई कोणाची आठवण करून देते हे कळतं.

मराठी वाचकाच्या बाबतीत एक गंमत आहे. इंग्रजी टिपा ज्या गोष्टी अर्धं पान खर्चून समजावतात त्यातल्या कित्येक आपल्याला आधीच ठाऊक असतात: जू, जातं, खळं, वारं सुटल्यावरची उफणणी, वराची वाट पाहत रात्री जागणारी वऱ्हाडी मंडळी. पण याच ओळखीत फसगतही आहे. मत्तय ३:१२ मध्ये योहान ज्याच्या येण्याबद्दल सांगतो त्याच्या हातात 'सूप' आहे असं जुनं मराठी भाषांतर सांगतं. आपल्या डोळ्यांसमोर उंबऱ्यात बसून धान्य पाखडणारी बाई येते. ग्रीक शब्द 'प्त्युऑन' म्हणजे लांब दांड्याचा लाकडी काटा किंवा फावडं. खळ्यात उभा राहिलेला शेतकरी त्याने मळलेलं धान्य वाऱ्यावर उंच उडवतो. हे पाखडणं नव्हे, सबंध वर्षाच्या राशीचा निवाडा आहे. पुढच्याच वाक्यात कोठार आणि न विझणारा अग्नी का येतात, ते या अवजारामुळे उलगडतं. इंग्रजी वाचकाला जिथे काहीच दिसत नाही तिथे आपल्याला भलतंच दिसतं, आणि आपण टीप न वाचता पुढे जातो. म्हणून ओळखीच्या वाटणाऱ्या वस्तूंच्या टिपा आधी वाचाव्यात.

कधी मात्र मराठी शब्दच टिपेचं काम करतो. मत्तय ५:४१ मध्ये इंग्रजीत कुणीतरी 'फोर्स' करून एक मैल नेतो. मराठीत तो 'वेठीस धरतो'. ग्रीक क्रियापद 'अंगारेउओ' मूळचं पारशी टपालव्यवस्थेतून आलेलं, आणि त्याचा अर्थ अगदी वेठच: सरकारी माणसाने रस्त्यावरचा माणूस किंवा जनावर ओझं वाहायला धरणं. शिमोन कुरेनेकराला वधस्तंभ वाहायला लावलं (मत्तय २७:३२) तिथेही हेच क्रियापद आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या सागालासोस नगरीबद्दलचा, रोमी सम्राट तिबेरियसच्या कारकिर्दीच्या सुरुवातीचा एक ग्रीक-लॅटिन शिलालेख सापडला आहे. सरकारी प्रवाशांना गावाने किती गाड्या, किती खेचरं, कोणत्या दराने द्यायची हे त्यात ठरवून दिलं आहे. वेठीला सीमा घालण्याची पाळी यावी एवढी ती बोकाळली होती, हे त्यावरून दिसतं. मात्र 'रोमी कायद्याने शिपायाला फक्त एकच मैल वेठीला धरता येई, दुसऱ्या मैलाने तो अडचणीत येई' हे जे प्रवचनातून छातीठोकपणे सांगितलं जातं, त्या एका मैलाच्या कायद्याचा पुरावा सापडलेला नाही. वेठीला पुरावा भरपूर आहे, मैलाच्या मर्यादेला नाही. टीप वाचताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात.

त्याच भागातला उजवा गाल (५:३९) हे आणखी एक चांगलं उदाहरण. उजव्या हाताने उजव्या गालावर मारायचं तर हात उलटा पडतो. मिश्नात, म्हणजे यहुदी धर्मनियमांच्या जुन्या संग्रहात (बाबा कम्मा ८:६), सरळ चपराकीला २०० झूझ (चांदीची नाणी) आणि उलट्या हाताच्या चपराकीला ४०० झूझ दंड आहे. दुखापत सारखीच, अपमान दुप्पट. म्हणून हे वचन मारहाणीपेक्षा मानहानीबद्दल आहे असं म्हणायला जागा मिळते. फक्त मिश्ना संकलित झाली इ.स. २००च्या सुमारास, येशूनंतर पावणेदोनशे वर्षांनी. त्यातलं पुष्कळ जुनं असेल, सगळंच असेल असं नाही.

आता अंजिराचं झाड, मार्क ११. पानं दिसली म्हणून येशू जवळ जातो, फळ नाही म्हणून झाडाला शाप देतो, आणि मार्क वर सांगतो की 'तो अंजिरांचा हंगाम नव्हता'. मग झाडाचा काय दोष? पुरंदरच्या अंजीरवाल्याला हे वाचून दाखवलं तर तो पहिला प्रश्न विचारेल, कोणता बहार? खट्टा की मीठा? बरोबर प्रश्न आहे. त्या मुलखातही झाडाला दोनदा फळ धरतं. मार्च-एप्रिलमध्ये, वल्हांडणाच्या आसपास, पालवीबरोबर जुन्या फांदीवर छोटी हिरवी फळं येतात. हिब्रूत त्यांना 'पगीम' म्हणतात. ती जूनच्या सुमारास पिकतात, पुष्कळशी त्याआधीच गळतात. नव्या फांदीवरचं मुख्य पीक ऑगस्ट-सप्टेंबरचं. म्हणजे हंगाम नसला तरी पानं भरगच्च असलेल्या झाडावर कच्ची फळं तरी असायला हवीत. नुसती पानं म्हणजे त्या वर्षी झाड वांझ. कीनर यांचं स्पष्टीकरण याच वाटेने जातं आणि वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते पक्कं आहे.

पण एवढ्याने कोडं सुटतं का? अर्धंच. मार्कला झाडाचा बचाव करायचा नसेल तर त्याने 'हंगाम नव्हता' हे वाक्य घातलंच कशाला? उत्तरासाठी बहाराच्या पलीकडे, अध्यायाच्या रचनेकडे जावं लागतं: आधी झाड, मग मंदिरातली उलथापालथ, मग पुन्हा तेच झाड मुळापासून वाळलेलं. मंदिराची घटना झाडाच्या दोन तुकड्यांमध्ये बसवलेली आहे. मागे यिर्मया ८:१३ आणि मीखा ७:१ मधली अंजिरं आहेत, तिथेही फळ नसणं म्हणजे लोकांचा निवाडा. सांस्कृतिक टीप वाचून 'सुटलं!' म्हणत पुस्तक मिटणारे वाचक इथे चकतात. टिपेने परिस्थिती शक्य ठरते. अर्थ लागतो तो लेखकाने ती कुठे बसवली यावरून.

लावदिकीयाचं कोमट पाणी (प्रकटीकरण ३:१५-१६) हे तर या विषयाचं लाडकं उदाहरण. तिथल्या मंडळीला 'तू थंड नाहीस, ऊन नाहीस, कोमट आहेस' असं खडसावलेलं आहे. 'देवाला थंड चालतो पण कोमट चालत नाही, हे कसं?' हा प्रश्न तरुण संघात हमखास येतो. उत्तर भूगोलात आहे. लावदिकीयाच्या उत्तरेला साधारण १० किलोमीटरवर हेरापली, आजचं पामुक्कले, औषधी गरम झऱ्यांसाठी प्रसिद्ध. आग्नेयेला साधारण १७-१८ किलोमीटरवर कलस्सै, तिथे थंड पाण्याचा ओढा. गरम पाणी अंग शेकायला, थंड पाणी तहान भागवायला, दोन्ही उपयोगाची, आणि लावदिकीयाचं कशाच्याच नाही. म्हणजे थंड आणि गरम या दोन्ही चांगल्या गोष्टी. हे कळलं की 'देवाला नास्तिक परवडतो पण अर्धवट विश्वासू नको' हे घासून गुळगुळीत झालेलं प्रवचन गळून पडतं.

इथपर्यंत टिपेने मोठं काम केलं. पण ऐकीव रूपात पुढे एक गोष्ट जोडली जाते, की हेरापलीचं उकळतं पाणी नळाने लावदिकीयाला येई आणि वाटेत कोमट होई. लावदिकीयाचा जलवाहक उत्तरेकडून नाही, दक्षिणेकडून, आजच्या देनिझलीच्या बाजूने येतो. दगडी ठोकळ्यांना भोकं पाडून केलेल्या त्या नळांच्या आत चढलेला चुन्याचा थर आजही अवशेषांत दिसतो. पाणी जड होतं हे खरं, हेरापलीचं होतं हे खोटं. २००३ साली क्रेग केस्टर यांनी तर पाणीपुरवठ्याचा धागाच सैल आहे असं मांडलं. त्या काळच्या मेजवानीत वाइन गरम किंवा गार करून देत, कोमट देणं म्हणजे पाहुण्याची बेपर्वाई. वचनाला ही पार्श्वभूमी जास्त शोभते, असं त्यांचं म्हणणं. पुढे विसाव्या वचनात दारावर ठोठावून जेवायला येण्याची भाषा आहे, हे ध्यानात घेतलं तर त्यात तथ्य वाटतं. स्टडी बायबलची टीप असल्या वादाची दोन टोकं मांडत बसत नाही, आणि पुस्तकाबद्दलची मुख्य तक्रार हीच. प्राचीन लेखकांची नावं येतात, आजच्या अभ्यासकांमधले मतभेद वाचकापर्यंत फारसे पोचत नाहीत. एका खंडात सगळं बसवायचं तर जागा अपुरी, हे समजतं. तरी 'बहुधा' आणि 'निश्चित' यांतला फरक एका शब्दात दाखवता आला असता. त्याच पत्रातलं 'मी श्रीमंत आहे, मला काही उणे नाही' (३:१७) मात्र इतिहासाला चोख जुळतं. इ.स. ६०च्या भूकंपानंतर लावदिकीया रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशाने उभी राहिली, असं रोमी इतिहासकार टॅसिटस नोंदवतो.

सुईचं नाक आणि उंट (मत्तय १९:२४): इथे पुस्तकाचे संपादक पक्के आहेत. 'जेरुसलेमला सुईचं नाक नावाची छोटी वेस होती, उंट ओझं उतरवून गुडघ्यांवर आत जाई' ही कथा कीनर यांनी आपल्या जुन्या भाष्यातच बाद केली होती. पहिल्या शतकात अशा वेशीचा काही पुरावा नाही. बाबेली तालमुदात, म्हणजे मिश्नावरच्या मोठ्या यहुदी भाष्यग्रंथात (बराखोत ५५ब), हत्ती सुईच्या नाकातून जाण्याचा असाच उल्लेख आहे, अर्थ सरळ अशक्य. शिवाय शिष्य लगेच हादरून विचारतात, 'मग तारण कोणाचे होणार?' गुडघे टेकून जाता येणार असतं तर कोण हादरलं असतं? ही वेस अजून मराठी व्यासपीठांवरून सुखाने चालू आहे. तिला एवढंच पुरे.

पार्श्वभूमीचा पुरावा विरघळूनही जातो, हे नव्या वाचकाला कोणी सांगत नाही. 'करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको' हा नियम तीनदा येतो: निर्गम २३:१९, ३४:२६ आणि अनुवाद १४:२१. कारण दिलेलं नाही. यहुदी पंडित मायमोनिदीसने बाराव्या शतकातच अंदाज केला होता की ही मूर्तिपूजकांची काही रीत असावी. मग सीरियाच्या किनाऱ्यावर उगारित हे प्राचीन शहर सापडलं. १९३०च्या दशकात तिथल्या एका मातीच्या पाटीवर 'करडू दुधात शिजव' असं वाचलं गेलं, आणि मायमोनिदीस खरा ठरला म्हणून सगळीकडे छापलं गेलं. पुढे पाटी पुन्हा तपासली. ती ओळ तुटकी, 'शिजव' हा शब्द भर घालून वाचलेला, 'करडू' वादग्रस्त, आणि 'आई'चा पत्ताच नाही. आज हा पुरावा कुणी जबाबदार अभ्यासक निश्चित म्हणून देत नाही, पण जुन्या भाष्यांच्या पुनर्मुद्रणांत तो ठणठणीत आहे.

राहेलने बापाच्या गृहदेवता चोरल्या (उत्पत्ती ३१) त्याचीही हीच कथा. देव्हाऱ्यातले टाक उचलून नेण्यासारखी ही गोष्ट. आजच्या इराकमधल्या नूझी इथे सापडलेल्या मातीच्या पाट्यांवरून असं ठरवलं गेलं की ज्याच्याकडे गृहदेवता त्याचा वारसाहक्क. १९६२ साली मोशे ग्रीनबर्ग यांनी दाखवलं की त्या पाट्या तसं म्हणत नाहीत. म्हणून कुठलंही भाष्य घेताना आवृत्तीचं साल आधी पाहावं. १९७०च्या आधीच्या पुस्तकांतल्या नूझी आणि उगारितच्या टिपा आजच्या पुस्तकाशी ताडून पाहिल्याशिवाय वापरू नयेत.

१ करिंथ ११ मधल्या डोक्यावरच्या पदराबद्दलही असंच एक जुनं भूत आहे: 'करिंथच्या अफ्रोदितीच्या मंदिरातल्या हजार देवदासी डोकं उघडं ठेवत, म्हणून पौलाने बायकांना डोकं झाकायला सांगितलं.' हजाराचा आकडा ग्रीक भूगोलकार स्त्राबोचा आहे, आणि तो ज्या जुन्या करिंथबद्दल बोलतो ते रोमनांनी इ.स.पू. १४६ मध्ये उद्ध्वस्त केलं. पौल गेला ते करिंथ यूलियस सीझरने इ.स.पू. ४४ मध्ये नव्याने वसवलेली रोमी वसाहत. त्या वसाहतीतच टोगा या रोमी अंगवस्त्राचा पदर डोक्यावरून घेतलेला ऑगस्टसचा पुतळा सापडला आहे. रोमी पुरुष यज्ञ करताना डोकं झाकत. म्हणजे पौलाने पुरुषांना डोकं झाकू नका म्हटलं त्यालाही संदर्भ आहे, आणि तो भाग आपल्याकडे कुणी वाचतच नाही. उपासनेत पदर घेणाऱ्या मराठी ख्रिस्ती बायकांना हा अध्याय ओळखीचा वाटतो, पण पदराचा आपला अर्थ वेगळा. रोमी विवाहित स्त्रीचा पदर प्रतिष्ठेची खूण होता, पुरुषाचा पौरोहित्याची.

मूर्तीला वाहिलेल्या मांसाचे अध्याय (८ ते १०) मात्र महाराष्ट्रात टिपेशिवाय समजतात. शेजारच्या घरून प्रसाद आला तर काय करायचं, हा प्रश्न इथे रोजचा आहे. तरीही टिपा वाचाव्यात, कारण पौल तीन वेगळ्या ठिकाणांबद्दल बोलतो आणि आपण ती एकत्र करतो: देवळाच्या जेवणघरात बसून खाणं, बाजारातून मांस विकत आणणं, आणि कुणाच्या घरी पाहुणा म्हणून जेवणं. इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसांवर 'सरापिस प्रभूच्या मेजावर जेवायला या' अशी सरापिस या देवाच्या नावाची आमंत्रणं आहेत. पौलाचं पहिलं ठिकाण नेमकं कसलं, ते त्यांवरून डोळ्यांपुढे येतं. त्या मेजाला तो नाही म्हणतो. बाजार आणि शेजाऱ्याचं घर यांना हो म्हणतो, अटीसह.

जुन्या कराराच्या टिपांबद्दल एक इशारा. वॉल्टन यांची उत्पत्ती १ बद्दल ठाम भूमिका आहे. तो अध्याय वस्तू कशा निर्माण झाल्या यापेक्षा विश्वाची कामं आणि व्यवस्था कशी नेमली गेली हे सांगतो, आणि सातव्या दिवसाचा विसावा म्हणजे देवाने विश्वरूपी मंदिरात वास्तव्य करणं. मांडणी विचार करायला लावणारी आहे, मेसोपोटेमियाच्या आणि इजिप्तच्या ग्रंथांचा आधार भरपूर आहे. पण ती एका अभ्यासकाची मांडणी आहे, अनेकांना ती मान्य नाही. सुरुवातीच्या अध्यायांच्या टिपा हे भान ठेवून वाचाव्यात. याउलट उत्पत्ती १५ मधले कापलेले पशू आणि त्यांमधून जाणारं धुमसतं अग्निपात्र आणि जळती मशाल, इथे समांतर पुरावा मजबूत आहे. इ.स.पू. आठव्या शतकातल्या सफिरेच्या अरामी करारात 'हे वासरू जसं कापलं जातं तसा मतिएल कापला जावो' असा करार मोडणाऱ्या राजाला शाप आहे, आणि यिर्मया ३४:१८ मध्ये बायबलमध्येच तो विधी येतो. हिब्रूत करार 'कापतात', करत नाहीत. अब्राहाम तुकड्यांमधून जात नाही, फक्त देवाची खूण जाते, ही या प्रसंगाची मेख.

वापरायची रीत. आधी वचनाचा संपूर्ण अध्याय मराठीत वाचावा, टिपेकडे न पाहता. खटकणारी वस्तू, रीत किंवा आकडा पेन्सिलीने अधोरेखित करावा. मग स्टेपबायबल उघडावं. केंब्रिजच्या टिंडेल हाउसने केलेलं हे साधन फुकट आहे, संगणकावर उतरवून इंटरनेटशिवायही चालतं. इंग्रजी शब्दावर टिचकी मारली की मूळ शब्द आणि तो आणखी कुठे येतो ते दिसतं. रूथ २:१२ मधले देवाचे 'पंख' आणि ३:९ मध्ये बवाजाने रूथवर घालायचं 'वस्त्र' हा हिब्रूत एकच शब्द आहे, 'कनाफ', हे असं दोन मिनिटांत सापडतं. पंख, पदर, वस्त्राचा काठ, तिन्ही त्यात आहेत. खळ्यावरची ती रात्र मग वेगळी दिसते: बवाजाने देवाच्या पंखांचा आशीर्वाद दिला होता, रूथ म्हणते, तो पंख आता तूच हो. त्यानंतर स्टडी बायबलची टीप वाचावी. टिपेत मिश्ना किंवा तालमूद असेल तर सेफारिया या फुकट संग्रहात मूळ उतारा काढून वाचावा. तिथे हिब्रू बायबलचे क्रमांक वेगळे असतात हे लक्षात ठेवावं. मलाखीचे तीनच अध्याय, योएलाचे चार, आणि उत्पत्ती ३२ एका वचनाने पुढे. शब्दांच्या पाठभेदांसाठी नेट बायबल आहेच, ६०,०००हून अधिक टिपांसह, ऑनलाइन मोफत.

टिपेतल्या पुराव्याचं वय मनात असावं म्हणून पुस्तकाच्या आतल्या पुठ्ठ्यावर हे लिहून ठेवावं: नूझी इ.स.पू. १५वं-१४वं शतक, उगारितचा नाश इ.स.पू. १२००च्या आसपास, सफिरे इ.स.पू. आठवं, योसेफस इ.स. पहिल्या शतकाचा शेवट, मिश्ना इ.स. २००, बाबेली तालमूद त्यानंतर काही शतकांनी. वचन आणि पुरावा यांत दोनशे वर्षांहून जास्त अंतर असेल तर प्रवचनात 'असे होते' न म्हणता 'असे असावे' म्हणावं.

हातात घेण्याच्या दृष्टीने ग्रंथ जड आहे. कागद पातळ, मागची अक्षरं पुढे उमटतात, टिपांचा टाइप वचनांपेक्षाही बारीक. चाळिशी लागलेल्यांनी डिजिटल आवृत्तीचा विचार करावा, मात्र किंडलवर टीप आणि वचन शेजारी दिसत नाहीत, दुव्यावरून ये-जा करावी लागते. ज्यांच्याकडे कीनर आणि वॉल्टन यांची दोन स्वतंत्र भाष्यं आहेत त्यांना यात चित्रांखेरीज फार नवं मिळणार नाही, आणि तपशील त्या भाष्यांत जास्त आहे. ज्यांच्याकडे काहीच नाही, आठवड्याला एक प्रवचन किंवा शब्बाथशाळेचा वर्ग घ्यावा लागतो आणि इंग्रजी सरावाचं आहे, त्यांनी घ्यावा, आणि निवड असेल तर एनआरएसव्हीची आवृत्ती घ्यावी. दुकानात मत्तय १८:२४ उघडून पाहा. 'तालांत' दिसलं तर ती किंवा एनकेजेव्ही, 'थैल्या' दिसल्या तर एनआयव्ही.